एका दोरीचं बोचकं

मावशीला दवाखान्यात नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची ती बोचकेबाई. एक्स-रे विभागात निघालेली चित्रं जुनी झाली की वरच्या मजल्यावरून तिच्या तळघरात यायची आणि ती त्यांची बोचकी बांधायची. कापडाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. खोलीला खिडकी नव्हती. यंत्रं तापू नयेत म्हणून सतत गार हवा सोडलेली, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही मावशी स्वेटर घालून बसलेली असे. कुणी दारातून डोकावून विचारायचं, काय बोचकेबाई, आज कोणाची पाळी? ती मान वर न करता म्हणायची, गुडघ्यांची झाली, आता तुमचं डोकं आणा, रिकामंच आहे, पटकन बांधून होईल.

काम समजावून सांगताना तिला दोन्ही हात आणि एक गुडघा लागायचा. एक्स-रेचं चित्र म्हणजे राखाडी ठिपक्यांच्या ओळीखाली ओळी. कुठला ठिपका किती काळा, किती पांढरा, एवढंच लिहिलेलं. पण एकही ठिपका न गाळता. म्हणून ती फाइल जाडजूड. फोनमधल्या फोटोसारखं चित्रच आक्रसवलं तर चालत नाही. आक्रसताना एखादा बारीक डाग पुसला गेला, तर माणूस जिवाला मुकायचा. तेव्हा चित्राला हात लावायचा नाही, बाहेरून आवळायचं. इथे मावशी हवेतली एक रजई गुंडाळायची, तिच्यावर गुडघा रोवायची आणि दातओठ खात दोरी ओढायची. मग दोरी सोडल्यासारखं करून हात पसरायची. म्हणायची, बघ, होती तेवढी. एक धागा कमी नाही.

पुष्कळ वर्षं एका पेशंटचं एक बोचकं अशी रीत होती. पुढे डिस्क भरत आल्या. नवी मागितली की वरून निरोप यायचा, आहे त्यात भागवा. मावशीने भागवलं. तिच्या लक्षात आलं, की गुडघा गुडघ्यासारखाच असतो आणि छाती छातीसारखी. सगळे गुडघे एकामागे एक लावले, मग सगळे हात, मग सगळ्या छात्या, आणि अख्ख्या वर्षाचं मिळून एकाच दोरीने बांधलं, तर कॉम्प्युटरला प्रत्येक चित्राचं पाल्हाळ पहिल्यापासून लावावं लागत नाही. मागच्यासारखंच, फक्त इथे जरा काळं, तिथे जरा पांढरं, एवढ्यावर भागतं. बोचकं इतकं लहान झालं, की कधी तळघराची पायरी न उतरलेले साहेब खाली आले आणि म्हणाले, बोचकेबाई, तुम्ही जादू केलीत.

त्या दिवशी ती घरी आली ती मिरवतच. माझा मामा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, जेवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे माझी छाती सध्या कुणा परक्या माणसाच्या छातीवर टेकून बसलीय? मामीने त्याला डोळ्यांनी दटावलं. मावशी हसून हसून बेजार.

मामा पोहायला शिकवायचा. शहरातल्या तलावावरच्या अर्ध्या लोकांना त्यानेच पाण्यात ढकललेलं. आवाज असा, की तलावाच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाचं पोर पाय मारायला लागायचं. त्याला खोकला लागला तेव्हा आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. पाण्यातल्या औषधाने घसा धरला असेल म्हणालो. खोकला हटेना म्हणून मावशीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली, आणि नव्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात, खाली, वाटाण्याएवढा पांढरट डाग दिसला.

छातीच्या डॉक्टर बारीक आवाजाच्या, पण बोलायला सरळ. त्यांनी मोठ्या मशीनमध्येही घालून पाहिलं, तरी डागाची जात कळेना. सुई घालून तुकडा काढावा, तर तो मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला. मग त्यांनी विचारलं, छातीचा जुना एक्स-रे कधी काढलाय का?

"तेव्हाही हा डाग इथेच आणि एवढाच असेल, तर जुना व्रण आहे. विसरून जा," त्या म्हणाल्या. "नसेल, तर ही नवी वाढ. मग उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढावा लागेल. थांबून बघू म्हणाल, तर तो वाईट निघाल्यास थांबलेला प्रत्येक महिना त्याच्या बाजूचा."

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मामा मात्र खुर्चीत मागे रेलला. आहे की जुना, तो म्हणाला, आमच्या बोचकेबाईकडे. काही वर्षांपूर्वी उडी मारायच्या फळीच्या कडेवर त्याची छाती आपटली होती, तेव्हा मावशीनेच त्याला इथे आणून एक्स-रे काढून घेतला होता. हातात आला तो नुसता कागद, आणि त्यावर एकच ओळ: बरगडी मोडलेली नाही. बरगडीच बघायची होती, डागाबद्दल कोण कशाला लिहील. पण चित्र होतं. मावशीच्या बोचक्यात होतं.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते. मावशी जवळजवळ नाचतच तळघरात उतरली, मी मागे. तिने ते वर्ष शोधलं, बोचक्यावर टिचकी मारली. नावांची यादी उघडली. छात्यांच्या भागात मामाचं नाव. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि चित्र बाहेर काढायला सांगितलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. सरकत सरकत बरीच पुढे गेली आणि थांबली. मग खाली लाल अक्षरं आली.

मावशी म्हणाली, असं होतं कधी कधी. तिने पुन्हा केलं. पट्टी त्याच जागी थांबली. तिने कपाटातून दुसरी डिस्क काढली, त्यावर दुसरी प्रत होती. तिथेही पट्टी त्याच जागी. मग तिने स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, आणि मला दिसलं की तिच्या हातावर काटा आलाय.

"दुसरी प्रत मी पहिलीवरूनच काढली होती," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "जी जखम हिला, तीच तिला."

मग थोडं थोडं करून तिने मला सांगितलं. जुनी यंत्रं बदलून अखेर नवी आली आणि बोचकी नव्या डिस्कवर हलवली, तेव्हा मूळ चित्रं जुन्या डिस्कवर अजून शाबूत होती. ती पुसण्याआधी पूर्ण तपासणी करायची असते; कॉम्प्युटर अख्खं बोचकं सोडून, एकेक चित्र बघून, पुन्हा बांधतो. त्याला वेळ लागतो. बाकी सगळ्या वर्षांची तिने तशी तपासणी केली होती. या एका वर्षाच्या वेळी जुनी यंत्रं न्यायला माणसं ढकलगाडी घेऊन दारात उभी होती आणि बाई, आटपा, म्हणत होती. तिने यादी उघडून पाहिली. सगळी नावं जागच्या जागी दिसली. तिने मूळ चित्रं पुसली आणि यंत्रं नेऊ दिली.

"यादी उघडली म्हणजे बोचकं उघडलं, असं मी धरून चालले."

पेशंटागणिक बोचकं असतं, तर एखादंच गेलं असतं. पण हे एका दोरीचं. प्रत्येक चित्र मागच्याच्या आधाराने लिहिलेलं. मधलं एक बिघडलं, की पुढच्याला 'मागच्यासारखंच' म्हणायला मागचं उरत नाही. तिथून पुढे नुसती नावं.

डिस्क दुरुस्त करणारा एक माणूस तिच्या ओळखीचा होता, आवाज न करता च्युइंगम चघळत काम करणारा. त्याने दुपारभर खटपट केली. तुटल्या जागेपर्यंतचं सगळं त्याने धडधाकट काढून दिलं: गुडघे, हात, खांदे, मग छात्या सुरू झाल्या. एकेक छाती पडद्यावर यायची, खाली नाव, आणि मावशी नाव वाचून मान हलवायची, पुढे. मामाचं नाव आलं तेव्हा तो माणूस चघळायचा थांबला.

चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटतं. आधी मान आली. मग खांदे, मामाचे, पोहणाऱ्याचे रुंद खांदे. गळ्याची हाडं, त्यांच्याखाली फासळ्या, एकाखाली एक. डावीकडे एक गोल ठिपका, बटणाचा. शर्ट काढायला सांगितलं होतं, तरी त्याने आतलं बटणवालं बनियन अंगावर ठेवलं होतं. फुप्फुसांचे वरचे भाग आले, स्वच्छ, काळेभोर. आणि मग, पट्टीने आखल्यासारखी एक रेघ, आणि रेघेखाली मुंग्या. राखाडी, पांढऱ्या, काळ्या मुंग्या, पार तळापर्यंत.

मावशीने पडद्यावर बोट ठेवलं, रेघेखाली चार बोटं अंतरावर, मुंग्यांत. डाग तिथे असायला हवा होता. किंवा नसायला हवा होता. ती बोट उचलेचना. शेवटी त्या माणसानेच हळूच विचारलं, बाई, अजून काही बघायचंय? दोरी तुटलीय ती नेमकी यांच्याच चित्रात. याच्यापुढे देवही काही काढू शकणार नाही.

छातीच्या डॉक्टरांनी अर्धं चित्र बघितलं आणि परत दिलं. वरच्या अर्ध्याशी खालचा डाग कसा ताडून बघू, एवढंच म्हणाल्या. मग, तुम्हाला काही आठवतं का, असं त्यांनी मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, उद्या सांगते.

जिन्यात मामीने तिला गाठलं. मामी बोलकी नव्हे. ती कुणाला आडवी गेलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती मावशीच्या खालच्या पायरीवर वाट अडवून उभी राहिली.

"वन्सं, त्या दिवशी तुम्ही होतात ना तिथे? एक्स-रे काढला तेव्हा?"

"होते."

"मग तुम्ही बघितला असेल."

"बघितला. पण बरगडी बघत होते, वहिनी. सगळेच बरगडी बघत होते."

"डाग होता म्हणून सांगा."

मावशीने कठड्यावर हात ठेवला.

"तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतील त्या. इतकी वर्षं त्याच खात्यात आहात. एक वाक्य बोलायचंय, वन्सं. एक वाक्य. त्यांचं अर्धं फुप्फुस काढलं तर ते पाण्यात काय करतील? आणि टेबलावरूनच उठले नाहीत तर?"

"आणि तो वाईट असला तर? मी होता म्हणाले, आणि आपण घरी घेऊन गेलो, तर?"

"नाहीये तो वाईट," मामी म्हणाली. "मला माहितीये."

तिला काय माहीत असणार? मावशी कठड्याला धरून मामीच्या बाजूने वाट काढत खाली गेली.

खोलीत आल्यावर ती मला म्हणाली, खरं सांगू, मला आठवतंय. त्या वेळचे डॉक्टर पडद्याआडून म्हणाले होते, जुना डाग आहे, काळजी नको. स्पष्ट आठवतंय, आवाजासकट. मी म्हटलं, मग सांगून टाक ना. ती म्हणाली, अगं, पण हे वाक्य मी या खात्यात रोज ऐकते. कुणाच्या गुडघ्याबद्दल, कुणाच्या छातीबद्दल. पडद्यामागून दिवसभर हेच चालतं. ते दादाबद्दल होतं, की त्या दिवशी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याबद्दल, हे कुणी सांगावं?

मग तिने एक गोष्ट केली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. तिने मामाचं अर्धं चित्र उघडलं, आणि शेजारी दुसऱ्या कुणाचं पूर्ण उघडलं. मामासारख्याच रुंद खांद्याचा माणूस, आणि त्याच्या उजव्या फुप्फुसात, खाली, एक पांढरट डाग. ती कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत राहिली. राखाडी ठिपकेच ते. खालच्या ओळी इथल्या उचलून तिथे ठेवायच्या. तिला ते येत होतं. शिवण कुणाला दिसलीही नसती. तिचा हात माउसवर होता आणि हाताचा तळवा माउसला चिकटला होता, इतका घाम, त्या गार खोलीत. मग तिने आधी दुसरं चित्र बंद केलं. मग मामाचं. मग खुर्चीची पाठ धरून उठली, म्हाताऱ्या बाईसारखी.

मामा बाहेरच्या बाकावर बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, यादीपासून ढकलगाडीपर्यंत, काही न वगळता. मामाने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि मामाने तोंड बंद ठेवायचं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक.

"तुला काय वाटतं?" शेवटी त्याने विचारलं. "होता?"

"मला वाटतं होता. पण तसं वाटायला हवंय म्हणून वाटतंय, दादा. हे मी डॉक्टरांना कसं सांगू?"

"डॉक्टरांना नको सांगूस. मला सांग."

मावशी त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"मला माहीत नाही."

मामा म्हणाला, पोर पाण्यात दिसेनासं झालं, की असेल तिकडे कुठेतरी, असं वाटून मी काठावर थांबतो का गं? उडी टाकतो. नुसतं बुडी मारून बसलेलं निघालं, तर दोन शिव्या हासडतो. पण उडी टाकतो.

"टाकू या," तो म्हणाला, आणि उठून स्वतःच कागदावर सही करायला गेला.

ऑपरेशन लांबलं. मामी एका खुर्चीत, मावशी दूरच्या दुसऱ्या खुर्चीत, मधल्या खुर्च्या रिकाम्या, आणि मी कुणाजवळ बसावं हे न कळून उभी. डॉक्टर बाहेर आल्या, तोंडावरचं फडकं गळ्यात उतरवून. ते ठीक आहेत, त्या म्हणाल्या. खालचा भाग काढलाय, तुकडा तपासायला पाठवलाय. तो निकाल यायला काही दिवस गेले. मामा तोवर नळ्यांमध्ये पडून आम्हाला ओळखून हसत होता, पण हसू अर्ध्यावर थांबवत होता, टाके ओढायचे म्हणून.

निकाल सांगायला डॉक्टरांनी आम्हाला खोलीत घेतलं. वाईट काही नव्हतं. जुना व्रण होता. बहुधा पूर्वीच कधीतरी छातीत झालेल्या एखाद्या आजाराचा, कदाचित लहानपणचा. डॉक्टर हे आनंदाने सांगत होत्या, आणि त्यांचा आनंद खरा होता. आपल्याला कळलं, हे महत्त्वाचं, त्या म्हणाल्या. त्यांची चूक नव्हती. कुणी त्यांना काहीही म्हटलं नाही.

मामी बाहेर येऊन भिंतीला टेकली. मावशी तिच्यासमोर उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सोडून, मार खायला उभं राहावं तशी.

"तू म्हणाली असतीस तर," मामी पहिल्यांदाच एकेरीवर येऊन म्हणाली.

"हो."

"एक वाक्य होतं."

"हो, वहिनी."

"माझ्या नवऱ्याचं फुप्फुस तुझ्या त्या बोचक्यात गेलं."

मावशीने पुन्हा हो म्हटलं. मामी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने पदर नीट केला आणि मामाला काय सांगायचं ते ठरवायला एकटीच आत गेली.

मावशीने नंतर साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली. त्या वर्षाच्या अर्ध्या छात्या गेल्यात, ज्यांच्या गेल्या त्यांना कळवा म्हणाली. साहेबांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, अजून कुणी मागितलंय का? नाही ना? मग मागतील तेव्हा बघू. ती म्हणाली, मागतील तेव्हा त्यांच्याही हातात मुंग्याच ठेवायच्या का? साहेबांना मुंग्यांचं काही कळलं नाही. शेवटी तिने स्वतःच एकेकाला फोन लावायला घेतले. काही जण शिव्या देत, काही जण म्हणत, कसला एक्स-रे, आमचे वडील केव्हाच गेले. एकीकडे ती उरलेल्या सगळ्या वर्षांची बोचकी सोडत होती. प्रत्येक चित्र स्वतः डोळ्यांनी बघून, पुन्हा पेशंटागणिक वेगळं बांधत होती. डिस्क फुगत चालल्या. साहेब खाली निरोप पाठवायचे, की बाई, जागा कुठून आणायची. जागा नव्हती हे खरंच होतं. ती एकेक बोचकं बांधतच राहिली.

मामाला घरी आणलं तेव्हा श्वासाचा व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी यायची. तिने एक प्लॅस्टिकचं खेळण्यासारखं यंत्र दिलं होतं: तीन नळकांडी, प्रत्येकात एक रंगीत गोळी, आणि तोंडात धरायची नळी. श्वास आत ओढायचा, जितका खोल तितक्या गोळ्या वर. मामा ते बघून म्हणाला, हे तर मी झोपेतही करीन. त्याने नळी तोंडात धरली, डोळे मिटले, ओढला. पहिली गोळी उचलली, थरथरली, आणि पडली. बाकीच्या दोन जागच्या हलल्या नाहीत. तो नळी काढून धापा टाकत बसला. मुलगी म्हणाली, छान, पहिल्या वेळेला छान. तो तिच्याकडे बघून म्हणाला, पोरी, मी पण पोरांना असंच खोटं सांगायचो.

मावशी त्या दिवशी आली होती. ती रोजच यायची, उंबऱ्याशी बसायची, कुणी बोललं तर बोलायची. मामी मामाजवळ यंत्र धरून बसली होती. त्याला हात उचलवत नव्हते. व्यायाम पुन्हा करायचा होता. मामीने आत गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतू जायचा वास आला आणि तिने इकडेतिकडे पाहिलं. मी अंगणात होते, दारातून बघत. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मामीने यंत्र मावशीकडे धरलं आणि म्हणाली, सरळ धरा, तिरकं झालं तर गोळी खोटी वर जाते.

मावशीने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मामासमोर गुडघ्यांवर बसली. मामाने नळी तोंडात धरली. डोळे मिटायच्या आधी त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने यंत्र सरळ धरलं होतं, इतकं सरळ, की तिची बोटं पांढरी पडली होती. त्याने श्वास ओढला.

पहिली गोळी वर गेली. तो ओढत राहिला, मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. दुसरी गोळी तळाशीच होती. मावशी तिच्यावरून डोळे काढत नव्हती.